रिकाम्या यंत्राचे भाडे : डेटा सेंटरच्या आधुनिकीकरणाचा साठ वर्षांचा इतिहास

१/
काहीही काम न करणारा सर्व्हर किती वीज खातो? २००७ मध्ये गूगलचे दोन अभियंते, लुईझ बारोसो आणि उर्स हॉल्झले, यांनी या साध्या प्रश्नाचे उत्तर मांडले. वीज जपून वापरणारा चांगला सर्व्हरसुद्धा जवळजवळ रिकामा असताना कमाल विजेच्या निम्म्याच्या आसपास वीज घेतो. त्या काळी कंपन्यांच्या डेटा सेंटरमध्ये असे असंख्य सर्व्हर दिवसरात्र चालू होते आणि त्यांतील बहुतेकांकडे फारसे काम नव्हते.

२/
‘खर्च कमी, लवचिकता अधिक’ हे डेटा सेंटरच्या आधुनिकीकरणाचे आजचे ब्रीदवाक्य नवे वाटते. प्रत्यक्षात ते किमान साठ वर्षे जुने आहे. दर पंधरा-वीस वर्षांनी हे वचन नव्या नावाने परतते आणि दर वेळी त्याच्या मुळाशी एकच शत्रू असतो : रिकामे बसलेले यंत्र. त्याच्याशी झालेल्या लढाया बहुतांशी जिंकल्या गेल्या. मात्र प्रत्येक विजयानंतर घरमालक बदलला. हा धागा त्या दोन्ही गोष्टींचा आहे.

३/
आरंभ ७ एप्रिल १९६४ पासून करणे सोयीचे. त्या दिवशी आयबीएमने ‘सिस्टिम/३६०’ या संगणककुटुंबाची घोषणा केली. लहान यंत्रावर लिहिलेली आज्ञावली पुढे मोठ्या यंत्रावरही चालेल, हे तिचे मोठे आश्वासन होते. तोवर मोठा संगणक घेणे म्हणजे जुन्या आज्ञावली टाकून नव्याने लिहिणे, असाच अर्थ असे. व्यवसाय वाढला तरी लिहिलेले काम वाया जाऊ नये, ही लवचिकतेची पहिली व्यापारी व्याख्या होय.

४/
पण ही यंत्रे बहुतेक ग्राहक विकत घेत नसत, भाड्याने घेत. आयबीएमने यंत्रे विकलीही पाहिजेत, असे बंधन अमेरिकी न्यायालयाच्या १९५६ च्या तडजोडीने घातले होते, तरी भाड्याची रीत टिकून राहिली. सिस्टिम/३६० चे मासिक भाडे लहान संचाला २,७०० डॉलरपासून मोठ्या संचाला १,१५,००० डॉलरपर्यंत जाई. इतके भाडे मोजून आणलेले यंत्र क्षणभरही रिकामे बसले, तर ते पैसे सरळ वाया जात.

५/
म्हणून त्या काळातील संगणककक्षाची सारी शिस्त यंत्राच्या सोयीने बेतलेली होती. माणसाने छिद्रित कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा, रांगेत नंबर लागण्याची वाट पाहायची आणि दुसऱ्या दिवशी छापील उत्तर घ्यायचे. एक स्वल्पविराम चुकला तर पुन्हा नवा गठ्ठा, पुन्हा नवी रांग. माणसाचा वेळ स्वस्त आणि यंत्राचा महाग होता. त्यामुळे वाट पाहण्याचे काम माणसाच्या वाट्याला आले.

६/
ही उलटी रीत मोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीमध्ये झाला. १९६१ च्या नोव्हेंबरात फर्नांडो कॉर्बातो आणि सहकाऱ्यांनी ‘टाइम-शेअरिंग’ पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखवले. एका वापरकर्त्याचा विचार चालू असताना यंत्र दुसऱ्याचे काम करी, आणि ही अदलाबदल इतक्या वेगाने होई की प्रत्येकाला यंत्र आपल्यापुढेच बसले आहे असे वाटे.

७/
त्याच वर्षी एमआयटीच्या शताब्दी समारंभात जॉन मॅकार्थी यांनी आणखी पुढचे भाकीत केले : टेलिफोनप्रमाणे संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा होईल. ज्याने जितके वापरले, त्याने तितके मोजावे. आज ज्याला ‘क्लाउड’ म्हणतात त्याचा विचार असा १९६१ मध्येच मांडला गेला होता. तो व्यवहारात उतरायला पंचेचाळीस वर्षे लागली. त्या पंचेचाळीस वर्षांतच हा इतिहास घडला.

८/
दुसरे पाऊल एमआयटीच्या शेजारीच, आयबीएमच्या केंब्रिज वैज्ञानिक केंद्रात पडले. रॉबर्ट क्रीझी, लेस कोमो आणि त्यांच्या गटाने ‘सीपी-४०’ ही प्रणाली घडवली. १९६७ च्या जानेवारीपासून ती वापरात होती. तिने एका यंत्रावर एकाच वेळी १४ ‘आभासी यंत्रे’ चालवण्याची सोय केली. प्रत्येक आभासी यंत्रावर स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम चाले आणि खालचे खरे यंत्र सर्वस्वी आपलेच आहे, अशी तिची समजूत असे.

९/
वाड्याची उपमा येथे चपखल बसते. वाडा एक, बिऱ्हाडे चौदा; प्रत्येक बिऱ्हाडाचे दार वेगळे, चूल वेगळी. एका घरात भांडण झाले तरी दुसऱ्या घरातला स्वयंपाक थांबत नाही. कोणाला किती पाणी, किती वेळ, हे ठरवणारा कारभारी मात्र एकच. संगणकातील या कारभाऱ्याला पुढे ‘हायपरवायझर’ हे नाव रूढ झाले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने ‘व्हीएम/३७०’ या नावाने हीच कल्पना अधिकृतपणे बाजारात आणली.

१०/
भाड्याच्या यंत्रांची दुसरी बाजू भारताने याच काळात अनुभवली. इतरत्र निवृत्त झालेली १४०१ श्रेणीची यंत्रे डागडुजी करून भारतात भाड्याने दिली जात. त्यावर टीका वाढत गेली. पुढे परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी मालकी ४० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची अट पुढे आली, आयबीएमने ती नाकारली आणि १९७८ मध्ये देश सोडला.

११/
यंत्रे येथेच राहिली, पण त्यांची देखभाल करणारी कंपनी गेली. ती जबाबदारी ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’ या सरकारी कंपनीने उचलली. ज्याच्यावर आपले सारे काम चालते, तो निघून गेला तर काय, हा प्रश्न क्लाउडच्या युगात अनेक देशांतील नियामकांनी विचारला. भारतातील संगणककक्षांना तो त्याच्या कितीतरी आधी पडला होता. या प्रश्नाकडे शेवटी परत यावे लागेल.

१२/
१९८० च्या दशकात वाडे ओस पडू लागले. सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त झाले आणि मेनफ्रेमच्या भाड्यापेक्षा छोटा स्वतंत्र संगणक परवडू लागला. १९८९ मध्ये कॉम्पॅकने ‘सिस्टिमप्रो’ हा वैयक्तिक संगणकाच्या घडणीवर बेतलेला सर्व्हर आणला. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज एनटी’ आली. कंपनीतील प्रत्येक विभाग आपल्या खर्चाने आपला सर्व्हर घेऊ लागला. मुख्य संगणककक्षाची रांग टळली, हीच त्या पिढीची लवचिकता.

१३/
मग एक अलिखित नियम रुजला : एका सर्व्हरवर एकच काम. वेतनाची आज्ञावली एका यंत्रावर, ईमेल दुसऱ्यावर, साठ्याचा हिशेब तिसऱ्यावर. याला तशीच सबळ कारणे होती. दोन आज्ञावलींना एकाच सामायिक फाइलच्या दोन वेगळ्या आवृत्त्या लागत आणि एकीची सोय केली की दुसरी बंद पडे. एक कोसळली की यंत्र पुन्हा सुरू करावे लागे, आणि सोबत दुसरीही बुडे. भिंती नसलेल्या घरात दोन बिऱ्हाडे नांदेनात.

१४/
शिवाय यंत्र खरेदी करताना अंदाज वर्षातील सर्वांत गर्दीच्या दिवसाचा धरला जाई. दिवाळीच्या गर्दीसाठी बांधलेला मांडव वर्षभर उभा ठेवावा, तसा हा प्रकार होता. नवा सर्व्हर मागवून तो बसवून होईपर्यंत आठवडे जात, म्हणून प्रत्येक विभाग थोडे जास्तच मागून ठेवी. यात एकाचाही निर्णय मूर्खपणाचा नव्हता; या शहाण्या निर्णयांची बेरीज मात्र अवाढव्य उधळपट्टीत झाली.

१५/
त्या उधळपट्टीचे माप नंतर निघाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २००९ मध्ये नोंदवले की डेटा सेंटरमधील सर्व्हरचा सरासरी वापर ५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे अंदाज आहेत. अमेरिकेच्या संघीय सरकारकडे १९९८ मध्ये ४३२ डेटा सेंटर होती. २००९ पर्यंत ती १,१०० च्या वर गेली. यंत्रे स्वस्त झाली होती, पण त्यांची जागा, वीज, थंडावा आणि देखभाल स्वस्त झाली नव्हती.

१६/
उपाय १९६७ पासून ठाऊक होता. मग तो या स्वस्त सर्व्हरांवर का वापरला नाही? कारण तांत्रिक होते. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी, यंत्राचे आभासीकरण नीट कधी होऊ शकते, याच्या अटी गणिती काटेकोरपणे मांडल्या. मुख्य अट साधी होती : बिऱ्हाडकरूने वाड्याच्या मूळ भिंतीला हात लावला, की कारभाऱ्याला ते तत्क्षणी कळले पाहिजे.

१७/
इंटेलच्या एक्स८६ घडणीत ही अट पाळली जात नव्हती. पेंटियम प्रोसेसरमध्ये तब्बल १७ आज्ञा अशा आढळल्या, की ज्यांच्यामुळे बिऱ्हाडकरू कारभाऱ्याच्या नकळत भिंतीला हात लावू शके किंवा आपण मालक नसून भाडेकरू आहोत हे त्याला उमगे. मूळची ही घडण एका माणसाच्या मेजावरील एका यंत्रासाठी होती. तिच्यात बिऱ्हाडे ठेवण्याचा विचारच नव्हता. आणि कंपन्यांचे डेटा सेंटर तर आता याच प्रोसेसरांनी भरले होते.

१८/
ही कोंडी स्टॅनफर्ड विद्यापीठात फुटली. मेंडेल रोझेनब्लम, एडुआर्ड बुन्यों आणि स्कॉट डिव्हाइन यांनी १९९७ मध्ये ‘डिस्को’ या संशोधनातून जुनी आभासी यंत्रे पुन्हा चर्चेत आणली. १९९८ मध्ये डायान ग्रीन आणि एडवर्ड वांग यांच्यासह त्यांनी ‘व्हीएमवेअर’ स्थापन केली. त्यांची युक्ती अशी : अडचणीच्या आज्ञा प्रोसेसरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच गाठायच्या आणि त्यांच्या जागी निरुपद्रवी आज्ञा घालायच्या. भिंत मुळात नसली, तरी भिंतीचे काम करणारा पहारेकरी उभा राहिला.

१९/
२००१ मध्ये त्यांचे ‘ईएसएक्स’ हे सर्व्हरसाठीचे उत्पादन आले. २००३ मध्ये ‘व्हीमोशन’ आले आणि चालू असलेले आभासी यंत्र न थांबवता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येऊ लागले. आतल्या आज्ञावलीला आपण घर बदलले हे कळतही नसे. त्याच वर्षी इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाची ‘झेन’ ही खुली प्रणाली प्रसिद्ध झाली. २००५ मध्ये इंटेलने आणि त्यापाठोपाठ एएमडीने आपल्या प्रोसेसरांतच ती जुनी उणीव भरून काढली.

२०/
बचत कशी झाली, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. दहा सर्व्हर प्रत्येकी दहा टक्क्यांहून कमी काम करत असतील, तर ती दहा कामे एका-दोन सर्व्हरवर मावतात. पण खरा फायदा यंत्रांच्या किमतीत नव्हता. उरलेल्या यंत्रांची वीज वाचली, त्यांच्या उष्णतेला थंड करणारी वीज वाचली, जागा वाचली. आणि नवा सर्व्हर ‘मागवण्या’ला आता आठवड्यांऐवजी मिनिटे लागू लागली, कारण तो ट्रकमधून येणारे यंत्र राहिला नव्हता, ती एक फाइल होती.

२१/
या बदलाचे माप राष्ट्रीय आकड्यांतही दिसते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००७ मध्ये सांगितले की देशातील डेटा सेंटरनी २००६ मध्ये ६१ अब्ज युनिट वीज वापरली, आणि असेच चालले तर २०११ पर्यंत हा आकडा १०० अब्जांच्या पुढे जाईल. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या मोजमापानुसार २०१४ मध्येही प्रत्यक्ष वापर सुमारे ७० अब्ज युनिटच होता. काम अनेक पटींनी वाढले आणि वीज जवळजवळ जागच्या जागी राहिली, असा हा दुर्मीळ प्रसंग.

२२/
मॅकार्थींचे भाकीत याच पायावर खरे झाले. २५ ऑगस्ट २००६ रोजी ॲमेझॉनने ‘ईसी२’ ही सेवा चाचणीसाठी खुली केली. दर होता एका आभासी यंत्राला तासाला १० सेंट. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथील एका छोट्या गटाने ती घडवली होती आणि तिच्या तळाशी ‘झेन’ होते. बिऱ्हाडाला आता स्वतःचा वाडाही नको होता. दुसऱ्याच्या वाड्यात तासाच्या बोलीवर खोली मिळत होती.

२३/
नेटफ्लिक्सची कथा येथे नेहमी सांगितली जाते. २००८ च्या ऑगस्टमध्ये तिच्या डेटाबेसमध्ये बिघाड झाला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. कंपनीने क्लाउडकडे जायचे ठरवले. ते स्थलांतर २०१६ च्या जानेवारीत पुरे झाले. सात वर्षे लागली, कारण तिने जुने सामान जसेच्या तसे नव्या घरात नेले नाही. आज्ञावलीची रचनाच लहान-लहान स्वतंत्र तुकड्यांत नव्याने केली. आधुनिकीकरणाच्या जाहिरातींत या सात वर्षांचा उल्लेख क्वचितच येतो.

२४/
उलट दिशेचा प्रवासही झाला. ड्रॉपबॉक्सने ग्राहकांच्या फायलींचा बहुतांश साठा २०१५-१६ च्या सुमारास ॲमेझॉनकडून स्वतःच्या यंत्रांवर आणला आणि दोन वर्षांत सुमारे ७ कोटी ४६ लाख डॉलर वाचवल्याचे पुढे जाहीर केले. दोन्ही कंपन्या आपापल्या जागी बरोबर होत्या. ज्याचे काम चढउताराचे, त्याला तासाची खोली स्वस्त. ज्याचे काम बारमाही, मोठे आणि अंदाज बांधता येण्याजोगे, त्याला स्वतःचे घर. भाड्यात दुसऱ्याच्या रिकाम्या खोल्यांची किंमतही धरलेली असते.

२५/
पण घर बदलणे हेच मोठे जोखमीचे काम असते. ब्रिटनमधील टीएसबी बँक पूर्वी लॉइड्स बँकिंग समूहात होती. वेगळी झाल्यावरही तिचे व्यवहार लॉइड्सच्याच संगणकांवर चालत आणि त्यासाठी मोठे शुल्क भरावे लागे. २०१५ मध्ये स्पेनच्या सबादेल बँकेने टीएसबी घेतली आणि खर्च वाचवण्यासाठी ५२ लाख ग्राहकांचे सारे व्यवहार आपल्या नव्या प्रणालीवर नेण्याचे ठरवले. मुहूर्त ठरला २०१८ च्या एप्रिलमधील एका शनिवार-रविवारचा.

२६/
नोंदी नव्या घरी सुखरूप पोहोचल्या. प्रणालीच कोसळली. ग्राहकांना खाती उघडता येईनात, शाखा, फोन आणि ॲप सारेच विस्कळीत झाले. व्यवहार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला; तक्रारी सव्वादोन लाखांवर गेल्या. बँकेच्या प्रमुखांना पद सोडावे लागले आणि २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. वेतन अडकलेल्या आणि देणी चुकलेल्या माणसांच्या लेखी ‘लवचिकता’ या शब्दाचा अर्थ त्या आठवड्यांत काय उरला असेल?

२७/
त्यानंतरच्या स्वतंत्र चौकशीतील एक तपशील बोलका आहे. नवी प्रणाली दोन डेटा सेंटरवर एकाच वेळी चालणार होती, एक बंद पडले तर दुसरे तोलून धरेल म्हणून. पण पूर्ण भाराखालच्या चाचण्या दोहोंपैकी एकाच सेंटरवर झाल्या होत्या. वेळ आणि खर्च वाचवण्याच्या भरात जे ‘जादा’ वाटले, तेच सुरक्षेचे होते. सारेच रिकामेपण उधळपट्टी नसते. काही रिकामेपण हा विमा असतो.

२८/
हाच धडा भारतीय बँकांच्या इतिहासातही आहे. स्टेट बँकेने २००८ पर्यंत दहा हजारांहून अधिक शाखा एका केंद्रीय प्रणालीला जोडल्या. तिचे संगणककेंद्र नवी मुंबईतील बेलापूरला आहे. शाखाशाखांतील स्वतंत्र खातेवह्या एकत्र आल्या आणि ग्राहक ‘शाखेचा’ न राहता ‘बँकेचा’ झाला. कोकणातील खाते नागपुरातून चालवता येणे, ही सामान्य माणसाला प्रत्यक्ष मिळालेली लवचिकता होती. मात्र पूर्वी एक यंत्र बिघडले तर एक शाखा थांबे. आता केंद्र थांबले तर सारे थांबते.

२९/
ही भीती कल्पनेतली नव्हती. २१ नोव्हेंबर २०२० रोजी मुंबईत मुख्यालय असलेल्या एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरची वीज गेली आणि डिजिटल व्यवहार खोळंबले. दोन वर्षांतील अशा अनेक घटनांची दखल घेत रिझर्व्ह बँकेने २ डिसेंबरला तिच्या नव्या डिजिटल योजनांना आणि नव्या क्रेडिट कार्डांना तात्पुरती बंदी केली. सारे निर्बंध उठायला २०२२ चा मार्च उजाडला. डेटा सेंटरचा वीजपुरवठा हा संचालक मंडळाचा विषय असतो, हे त्या आदेशाने ठळक झाले.

३०/
आणि आता घरमालकाकडे. २००१ नंतरच्या दोन दशकांत जगातील असंख्य कंपन्यांनी आपली कामे व्हीएमवेअरच्या थरावर ठेवली. त्या थराने यंत्रांच्या विक्रेत्यांपासून खरे स्वातंत्र्य दिले : सर्व्हर कोणाचाही असो, काम चालेच. पण त्या थरापासूनचे स्वातंत्र्य फारसे कोणी राखले नव्हते. २०२२ मध्ये ब्रॉडकॉमने सुमारे ६१ अब्ज डॉलरना ही कंपनी घेण्याचे जाहीर केले. २०२३ च्या नोव्हेंबरात व्यवहार पुरा झाला.

३१/
पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने विकणे बंद झाले. यापुढे केवळ वर्गणी. एकदा पैसे भरून घेतलेली वस्तू दरवर्षीच्या भाड्याची झाली आणि अनेक ग्राहकांनी खर्च कैक पटींनी वाढल्याची तक्रार केली. एटी अँड टीसारख्या बलाढ्य कंपनीलाही २०२४ मध्ये न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. पुढे तडजोड झाली. वाडा तोच, बिऱ्हाडे तीच. कारभारी बदलला आणि भाडेपट्टा नव्याने लिहिला गेला.

३२/
दरम्यान रिकामेपणाशी जिंकलेली लढाईही जुनी झाली आहे. आभासी यंत्र काढणे इतके सोपे झाले की विसरलेल्या आभासी यंत्रांचीच गर्दी होऊ लागली. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचे वीजखाऊ सर्व्हर आले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्याच नव्या अहवालानुसार अमेरिकी डेटा सेंटरचा वापर २०२३ मध्ये १७६ अब्ज युनिटवर, म्हणजे देशाच्या विजेच्या ४.४ टक्क्यांवर पोहोचला. समुद्राखालील केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, म्हणून भारतातील डेटा सेंटरची सर्वांत मोठी गर्दी मुंबई-नवी मुंबईत आहे. विजेचा हा प्रश्न त्यामुळे ऐरोली-महापेच्याही दाराशी उभा आहे.

३३/
या साठ वर्षांचा हिशेब मांडला तर एक सूत्र हाती लागते. प्रत्येक आधुनिकीकरणाने काम आणि यंत्र यांच्यातील गाठ थोडी सैल केली : आधी यंत्राच्या आकारापासून, मग एकाच यंत्रापासून, शेवटी स्वतःच्या इमारतीपासून. त्यातून झालेली बचत खोटी नव्हती. पण गाठ सुटली ती जागा रिकामी राहिली नाही. तेथे नवा थर आला, आणि तो ज्याच्या मालकीचा त्याच्याकडे भाडे जाऊ लागले. आयबीएम, व्हीएमवेअर आणि क्लाउड कंपन्या या तिन्ही नावांना हे सूत्र सारखेच लागू पडते.

३४/
म्हणूनच १९७८ चा प्रश्न आज नियमांच्या पुस्तकात आला आहे. रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी माहिती-तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याविषयीचे निर्देश काढले. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या या निर्देशांत, सेवा घेतानाच ती सोडून बाहेर कसे पडायचे याची योजना आखण्याची जबाबदारी बँकांवर टाकली आहे. युरोपीय संघाचा ‘डोरा’ हा कायदा १७ जानेवारी २०२५ पासून वित्तसंस्थांकडे तशीच मागणी करतो.

३५/
आधुनिकीकरणाचा कोणताही प्रस्ताव वाचताना त्यातील बचतीचा आकडा आधी डोळ्यांत भरतो. इतिहास त्याच पानावर आणखी दोन नोंदी शोधायला शिकवतो : अडचणीच्या दिवसासाठी किती जागा मुद्दाम रिकामी ठेवली आहे, आणि उद्या बिऱ्हाड हलवायचे झाले तर दाराची किल्ली कोणाकडे असेल. या दोन नोंदी ज्या प्रस्तावात नाहीत, त्याची बचत अजून मोजून व्हायची आहे.

(धागा समाप्त)